खांदे खाली, दम पोटात: ओकिनावाच्या काताचा सराव नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

कराटे शाळांमध्ये शिकवलं जावं म्हणून इतोसु आंको यांनी १९०८ साली एक पत्र लिहिलं. तेव्हा जपानच्या ओकिनावा बेटावरच्या शुरीचे हे कराटे गुरू सत्तरीच्या पुढे होते. पत्रात दहा मुद्दे आहेत. त्यातला एक, माझ्या शब्दांत सांगायचा तर, असा: अंगाला झेपणार नाही इतका जोर लावून सराव केलात तर दम वर चढतो, तोंड लाल होतं, डोळे लाल होतात आणि शरीराची हानी होते.

मी बारा वर्षं नेमकं हेच करत होते. तोंड लाल झालं म्हणजे मेहनत झाली, आणि बाहीचा फट् आवाज आला म्हणजे ठोसा चांगला बसला, हे माझं गणित. मग सुट्ट्या साठवून तीन आठवडे ओकिनावातल्या नाहा शहरातल्या एका छोट्या डोजोत, म्हणजे कराटेच्या वर्गात, शिकायला गेले. पहिल्याच संध्याकाळी सांचिन या काताच्या, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या क्रमाच्या, दुसऱ्या पावलावर तिथल्या वयस्कर सेन्सेईंनी (गुरूंनी) मला थांबवलं, माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकवली आणि म्हणाले, "चिकारा नुइते." म्हणजे, ताकद काढ. मी काढली. सगळीच काढली. पुढचा ठोसा भिजलेल्या पापडासारखा निघाला. त्यांनी पुन्हा मान हलवली.

ताकद लावली तरी चूक, काढली तरी चूक, मग करायचं काय? नवख्या माणसाचं गाडं इथेच अडतं. त्या तीन आठवड्यांत आणि नंतर घरी परतल्यावर जे थोडंफार उमगलं, ते ज्या क्रमाने मला आधी मिळायला हवं होतं त्या क्रमाने लिहिते आहे.

आधी थोडी ओळख

ओकिनावाच्या कराटेत ढोबळमानाने दोन घराणी आहेत. एक शुरी आणि शेजारच्या तोमारीचं. नाइहांची, पिनान, पासाई, कुसांकु हे काता त्यातले. दुसरं नाहा बंदराचं. हिगाओन्ना कानर्यो (१८५३–१९१५) आणि त्यांचे शिष्य मियागी चोजुन (१८८८–१९५३) यांचं. त्याचा पाया सांचिन. मियागींच्या शैलीचं नाव गोजू-र्यू: 'गो' म्हणजे कठीण, 'जू' म्हणजे मऊ. श्वास आत घेणं आणि बाहेर टाकणं यातच कठीण आणि मऊ दोन्ही आहेत, अशा अर्थाच्या एका जुन्या चिनी ओळीवरून ते घेतलं आहे. मी गोजू-र्यू करते, म्हणून उदाहरणं तिथलीच येतील. तुम्ही शोरिन-र्यू किंवा उएची-र्यू अशी दुसरी शैली करत असाल तर काता बदला. खांदे तेच राहतात.

काय काय लागेल

- एक काता, जो तुम्हाला पाठ आहे. पुढची हालचाल आठवावी लागत असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी क्रम पक्का करा. आठवण्याच्या नादात अंग आवळतंच.
- पूर्ण अंग दिसेल इतका आरसा किंवा मोबाइल स्टँड. मोबाइल बाजूने लावा, समोरून नाही. चढलेला खांदा आणि पुढे गेलेली हनुवटी बाजूनेच दिसते.
- सरावाला बिनबाह्यांचा टी-शर्ट. जाड कापडाचा गी, म्हणजे कराटेचा पोशाख, महिनाभर कपाटात. का ते पुढे येईलच.
- खांद्यावर हात ठेवायला एक माणूस. डोजोतला सोबती उत्तम, नाहीतर घरातलं कुणीही.
- वही. रोज दोन ओळी.
- रक्तदाब तपासून घ्या. ही औपचारिकता नव्हे. सांचिनच्या टप्प्यावर का ते सांगते.

१. ताण कुठे आहे ते आधी शोधा

"सैल सोडा" असं सांगून कुणी सैल होत नाही. मुळात आपण आवळलेले आहोत हेच कळत नसतं. म्हणून पहिला आठवडा काहीही सुधारायला जाऊ नका, फक्त शोधा.

काता नेहमीच्या निम्म्या वेगाने करा आणि प्रत्येक हालचालीनंतर दोन श्वास थांबा. थांबल्यावर क्रमाने तपासा: दात चावलेत का? कपाळाला आठ्या? पायाचे अंगठे जमिनीत रुतण्याऐवजी वर उचललेत? मागे ओढलेली मूठ, म्हणजे हिकितेचा हात, गरजेपेक्षा घट्ट? माझ्या वहीत पहिले चार दिवस एकच शब्द आहे: जबडा.

सोबत्याला एक काम सांगा. तुम्ही ठोसा मारायच्या तयारीत उभे असताना त्याने तुमच्या दंडाची बेटकुळी चिमटीत धरायची. ती मऊ हवी. कारण साधं आहे. हात सरळ करण्याचं काम दंडाच्या मागचा स्नायू करतो. पुढची बेटकुळी त्याच वेळी आकसली तर ती हात वाकवायला बघते, म्हणजे स्वतःच्याच ठोशाला मागे ओढते. 'जोर लावून' मारलेला ठोसा आपल्याला जोरदार वाटतो तो याच रस्सीखेचीमुळे. समोरच्याला तो हळू आणि ढकलल्यासारखा लागतो.

२. खांदा खाली, काख बंद

इतोसुंच्या त्याच पत्रात खांदे खाली ठेवण्याची सूचना एकदा नाही, तीनदा येते: एकदा माकिवाराच्या, म्हणजे ठोसे मारायच्या फळीच्या, सरावाबद्दल, एकदा उभं राहण्याच्या पद्धतीबद्दल, एकदा एकूण सरावाबद्दल. ज्याने आयुष्यभर मुलं शिकवली त्याला ती तीनदा लिहावी लागली, यातच सगळं आलं.

"खांदे खाली" म्हटल्यावर लोक खांदे खाली दाबतात. तो आणखी एक ताण. त्याऐवजी असं करा: दोन्ही खांदे कानांपर्यंत उचला, तीन मोजा, आणि एकदम सोडून द्या. पडतील तिथे राहू द्या. आता दोन्ही काखांत एकेक पातळ वही धरली आहे असं समजा आणि ती पडू देऊ नका. काखेच्या खाली, पाठीच्या कडेला जो स्नायू जागा झाला, त्याच्यावर हात ठेवून बघा. हातांचं ओझं खांद्यावरून काढून त्याच्यावर टाकायचं आहे. मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंतचा भाग मोकळा, आणि काखेखालचा भाग जागा. यापुढचं सगळं या एका अदलाबदलीवर उभं आहे, म्हणून इथे घाई करू नका. मला पाच आठवडे लागले.

३. पायाखालून सुरुवात

वरचं अंग सैल सोडायचं तर खालच्याने भार घेतला पाहिजे. नाहीतर मेंदू घाबरतो आणि खांदे पुन्हा वर.

सांचिन-दाचीत, म्हणजे सांचिनच्या पवित्र्यात, उभे राहा: पाय खांद्याच्या रुंदीइतके, पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या बोटांच्या रेषेत, पुढची बोटं जरा आत, गुडघे किंचित वाकलेले. बोटांनी जमीन धरा, मांड्या आतल्या बाजूला ओढा, माकडहाड खाली वळवा. सोबत्याने छातीवर तळवा ठेवून हळूहळू दाब वाढवायचा. दाब तुमच्या मागच्या पायातून जमिनीत गेला पाहिजे. कमरेत मोडलात, तर कमरेच्या वरच्या कडा झोपलेल्या आहेत. या भागाला ओकिनावाच्या भाषेत 'गामाकु' म्हणतात, आणि "गामाकु घाल" ही तिथल्या डोजोतली नेहमीची सूचना. शुरीकडचे लोक हाच भाग नाइहांचीमध्ये आडव्या रेषेत चालताना घडवतात.

४. श्वास

थोडक्यात: नाकाने घ्या, तोंडाने सोडा, छाती न फुगवता पोटात घ्या, ठोसा संपतो तिथेच श्वासही संपवा. सगळा रिकामा करू नका, थोडा राखून ठेवा.

सापळा मात्र एक आहे आणि तो मोठा आहे. घशातून घरघर काढली की सांचिन होतो, असं व्हिडिओ बघून वाटतं. आवाज हा परिणाम आहे. आवाज काढण्यासाठी घसा आवळलात तर दम वरच अडकतो, आणि इतोसुंचं लाल तोंड हजर. पहिले दोन महिने सांचिन आवाजाशिवाय करा.

५. सांचिन: सैलपणा शिकवणारा सगळ्यात ताठ काता

नवख्याचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. एकीकडे "ताकद काढ" म्हणतात आणि दुसरीकडे पहिलाच काता नखशिखांत ताणलेला. सेन्सेई मागून येऊन खांद्यावर, मांड्यांवर थापा मारून अंग तपासतात. त्याला 'शिमे' म्हणतात. हे बघून आपण समजतो की अंग दगड करायचं आहे. मीही वर्षानुवर्षं दगड होत होते.

एक दिवस सेन्सेईंनी माझा हात धरून स्वतःच्या अंगावर ठेवला, ते सांचिन करत असताना. पोट लाकडासारखं. काखेखाली दोरखंड. मांड्या घट्ट. पण मान? मानेत बोट रुतत होतं. कपाळ स्वच्छ. मनगटाच्या वर हात जिवंत, आवळलेला नाही. ते एकाच वेळी घट्ट आणि सैल होते, फक्त निरनिराळ्या जागी.

सांचिनचा माझ्यापुरता अर्थ तेव्हा बदलला. शरीराच्या सगळ्या दिव्यांना एकच बटण असतं तशी आपली अवस्था असते: एक लावला की सगळे लागतात. सांचिन प्रत्येक दिव्याला वेगळं बटण बसवतो. पोट घट्ट करून मान सैल ठेवणं, पाय रोवून हात मोकळा ठेवणं, हे हळू वेगात हजारदा केल्याशिवाय वेगात जमत नाही.

सरावाचा क्रम मी असा ठेवते. पहिली फेरी फक्त पाय: हात बाजूला सोडून पावलं टाका. दुसरी फेरी हातांसह, पण ताण शून्य, मुठीही हलक्या. तिसऱ्या फेरीत कमरेखाली पूर्ण जोर, वर काहीच नाही. चौथ्या फेरीत काखा आणि पोट जागे. कोपर अंगापासून मूठभर अंतरावर आहे का बघा. ते बाहेर पळालं तर काख उघडली. पाचवी फेरी पुन्हा शून्य ताणाची. आणि प्रत्येक फेरीनंतर एकच प्रश्न: आत्ता कुणी नाव विचारलं तर नेहमीच्या आवाजात सांगता येईल का? नसेल येत, तर घसा आवळलेला आहे.

वळणं नसलेला मियागींचा सांचिन या कामाला सोयीचा, कारण वळताना तोल सांभाळण्यात लक्ष जात नाही. उएची-र्यूत सांचिन उघड्या हातांनी करतात. मूठ सैल होतच नसेल तर महिनाभर तसा करून बघायला हरकत नाही, आपल्या सेन्सेईंना विचारून.

इशारा: श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब झटक्यात चढतो. ज्यांना रक्तदाबाचा त्रास, हर्निया, काचबिंदू आहे, ज्यांची नुकती शस्त्रक्रिया झाली आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ताणाचा सांचिन करू नये. चक्कर आली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर थांबून बसा. "आणखी एक फेरी" ही जिद्द इथे कामाची नाही.

६. तेन्शो आणि उकडीचा हात

सांचिननंतर लगेच तेन्शो हा काता करा. हाही मियागींचाच, पावलं सांचिनची, पण हात उघडे, मनगटं गोल फिरणारी. यातून 'मुचिमी' हाती लागते. जपानी मोचीला, म्हणजे कुटलेल्या भाताच्या चिकट गोळ्याला, ओकिनावात 'मुची' म्हणतात. मुचिमी म्हणजे तसा चिकटपणा: जड, सलग, न तुटणारा.

मोची आपल्याकडे सहज मिळत नाही, पण मोदकाची उकड आहे. गरम उकड मळताना हात जसा चालतो तसा चालवा. आपटला तर चटका बसतो, उचलला तर उकड तुटते. तळव्याने दाबत, चिकटत, वळवत राहावं लागतं, आणि दाब खांद्यातून नाही, अंगाच्या भारातून येतो. माझ्या आईने ही उकड चाळीस वर्षं मळली आहे. तिच्या मनगटात जी मुचिमी आहे ती माझ्यात अजून नाही, आणि तिला कराटेचं क देखील माहीत नाही.

सोबत्यासोबत: त्याच्या मनगटाला तुमचं मनगट फक्त टेकवा. तो हात कुठेही नेईल. तुम्ही दाबायचं नाही, सुटायचंही नाही. दोन मिनिटं. खांदा वर गेला की संपर्क सुटतो, त्यामुळे चूक सांगायला सेन्सेई लागत नाहीत.

७. साइफा: झटका कुठून येतो

आता वेग. साइफा या काताची सुरुवात बघा: तिरकं पुढे जायचं, धरलेला हात कोपरातून ओढून सोडवायचा, आणि शिको-दाचीत, म्हणजे पाय फाकून गुडघे वाकवलेल्या पवित्र्यात, बसता बसता मुठीच्या पाठीचा फटका. हेच तीनदा. सैल आणि घट्ट यांचा खेळ समजायला याहून चांगली जागा मला सापडलेली नाही.

ओली चादर वाळत घालण्याआधी आपण झटकतो ना, ती आठवा. चादर पुठ्ठ्यासारखी ताठ असती तर झटकलीच गेली नसती. पण नुसती सैल चादर फिरवत राहिलात तरी आवाज येत नाही. हात एका क्षणी थांबतो, किंचित मागे येतो, म्हणून टोकाला फटका उठतो. तो थांबा म्हणजे 'चिंकुची': आदळण्याच्या क्षणी पाय, पोट, काख, मनगट एकदम जोडले जाणं आणि दुसऱ्याच क्षणी सुटणं. माझा भिजलेल्या पापडाचा ठोसा तसा का निघाला ते मला इथे कळलं. सैल होतं, पण थांबा नव्हता.

सराव असा. फटक्याचा हात लोंबकळता ठेवून फक्त कंबर फिरवा. हात मागाहून येईल. दहा वेळा. मग त्याच्या शेवटी मूठ मिटा, फक्त शेवटी. पुढे त्या क्षणी काख बंद करा. लगेच सोडा. मूठ मिटण्याचा क्षण जितका उशिरा तितका बरा; बहुतेक जण कमरेपासूनच आवळून निघतात. शिको-दाचीत गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनेच ठेवा, आत पडू देऊ नका.

जाड गी कपाटात ठेवायला सांगितला तो यासाठी. ताठ कापड छान वाजतं, आणि मग आपण कापड वाजवायला ठोसा मारू लागतो. स्पर्धेतल्या काताला मी नावं ठेवत नाही, हे सांगून ठेवते. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली पुरुषांच्या कातामध्ये सुवर्णपदक मिळवणारे कियुना र्यो ओकिनावाचेच. त्यांचे खांदे बघा, मग बाहीचा आवाज ऐका.

८. माकिवारा: खोटं न बोलणारी फळी

हवेत मारलेल्या ठोशाबद्दल आपण स्वतःला हवं ते सांगू शकतो. जमिनीत रोवलेली, वर पातळ होत गेलेली लवचीक फळी ते चालू देत नाही. खांद्याने मारलात तर धक्का उलटा खांद्यात येतो. बरोबर मारलात तर फळी लवते आणि धक्का टाचेत उतरतो.

इतोसु एका हाताने शंभर-दोनशे ठोसे म्हणतात. तुम्ही दहापासून सुरू करा, निम्म्या जोराने, पहिल्या दोन बोटांच्या गाठींवर. 'सैल' म्हणजे मनगटही सैल, असं समजून मी पहिल्या दिवशी मारलं आणि मनगट मुडपलं. दोन आठवडे लाटणं धरता येत नव्हतं. आदळताना मनगट सरळ आणि मूठ बंदच हवी. फ्लॅटमध्ये फळी रोवता येत नसेल तर भिंतीवर मारत बसू नका. सोबत्याने दोन्ही हातांनी छातीपासून दूर धरलेला जाड पॅड चालेल.

'चि-इशी' म्हणजे दांड्याला बसवलेलं वजन. रंगाच्या रिकाम्या डब्यात दांडा उभा करून सिमेंट ओतलं की तयार होते. दोन-तीन किलो पुरे. तिने खांदा खाली ठेवायची सवय लवकर लागते, कारण चढलेल्या खांद्याने ती पाच मिनिटंही फिरवता येत नाही.

९. ओकिनावाला जायचं ठरवलंत तर

जायलाच हवं असं नाही. पण जाणार असाल तर हे गाठीशी असू द्या:

- पासपोर्ट आणि जपानचा व्हिसा. सुट्टी मंजूर करून घेण्याआधी तारखा बघा.
- तुमची ओळख करून देणारं तुमच्या सेन्सेईंचं पत्र. अनेक डोजो घरालाच जोडलेले, आठ-दहा जणांचे असतात. न कळवता दारात उभं राहू नये.
- ओळख नसेल तर नाहाला लागून असलेल्या तोमिगुसुकु इथलं ओकिनावा कराटे काइकान. २०१७ साली उघडलं. तिथलं माहिती केंद्र परदेशी लोकांना डोजो शोधून द्यायला मदत करतं.
- प्रवास विमा, ज्यात खेळातली दुखापत धरलेली आहे. पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचा.
- साधा पांढरा गी. मोठाले बिल्ले, नावांची भरतकामं घरी ठेवा.
- रोख येन आणि काही कोरी पाकिटं. शुल्क पाकिटात घालून, दोन्ही हातांनी द्यायचं.

भारतातून नाहाला थेट विमान नाही. बदलून जावं लागतं, तेव्हा पहिल्या संध्याकाळी वर्ग ठरवू नका. आणि उन्हाळ्यातली हवा कोकणातल्या मे महिन्यासारखी घामट असते, म्हणून गी दोन न्या. रात्री धुतलेला सकाळपर्यंत वाळत नाही.